कॅमेरामन दिसत नाही, मग कॅमेरा फिरवतो कोण?

प्रश्न : आम्ही फणसवाडीत राहतो. संध्याकाळी घरात मराठी बातम्या लागलेल्याच असतात. हल्ली निवेदिका बोलत बोलत स्टुडिओच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, कॅमेरा तिच्याबरोबर सरकतो आणि मध्येच जमिनीतून आकड्यांचे खांब उगवतात. माझा भाचा लोअर परळला एका वृत्तवाहिनीत कॅमेरा असिस्टंट आहे. तो म्हणतो, "मावशी, आता स्टुडिओत कॅमेऱ्यामागे कोणी उभं राहणार नाही, सगळे रोबोटिक येणार." काय दाखवायचं हे कॅमेरा स्वतःच ठरवतो का? वाहिनीचा पगार वाचतो, यापलीकडे त्यात काही गुण आहे का? आणि आमच्या भाच्याने काळजी करावी का?
– एक वाचक, फणसवाडी, गिरगाव

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. नाही. काय दाखवायचं ते कॅमेरा ठरवत नाही.

'रोबोटिक' म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमातला यंत्रमानव येतो. इथे तसं काही नाही. कॅमेरा नेहमीचाच, लेन्सही नेहमीचीच. कॅमेरा ज्या डोक्यावर बसतो आणि ते डोकं ज्या पायावर उभं असतं, त्यांना मोटारी लावलेल्या असतात, एवढाच फरक. त्या मोटारी चालवणारा माणूस स्टुडिओच्या काचेपलीकडे, पीसीआरमध्ये म्हणजे कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षात, जॉयस्टिक आणि टचस्क्रीन घेऊन बसलेला असतो. पूर्वी तीन कॅमेऱ्यांमागे तीन माणसं उभी असत. आता तिन्ही कॅमेरे या एकाच्या हाताखाली असतात. चेहरा ओळखून त्याला फ्रेमच्या मध्यावर धरून ठेवण्याची सोय अलीकडच्या यंत्रांत आली आहे. पण ती सोय पाठलाग करते, निवड करत नाही. चार माणसांपैकी कोणाकडे बघायचं, हे कोणीतरी सांगावंच लागतं.

यात तीन-चार जाती आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे पीटीझेड, म्हणजे पॅन-टिल्ट-झूम. लग्नाच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या सभागृहात भिंतीवर लटकलेला घुमटासारखा छोटा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल, त्याचाच हा चांगल्या घरचा भाऊ. हा काही लाखांत येतो. दुसऱ्या प्रकारात मोठा स्टुडिओ कॅमेरा जागच्या जागी उभा राहून डावीउजवीकडे आणि वरखाली वळतो. तिसरा रुळांवर धावतो. चौथा चाकांच्या पेडेस्टलवर बसून स्टुडिओभर कुठेही जाऊ शकतो आणि उंचीही बदलतो. हा सगळ्यात महाग, पीटीझेडच्या कैक पट. कॅमेरा, लेन्स आणि समोरचा प्रॉम्प्टर यांचं मिळून वजन चाळीस-पन्नास किलोंवर सहज जातं, आणि ते हलताना चित्राला किंचितही धक्का बसता कामा नये. पैसा जातो तो त्या 'किंचितही'साठी.

आता गुणांकडे येऊ. तुमच्या प्रश्नातली शंका रास्त आहे. पगार वाचतो हे खरंच आहे, त्यावर नंतर बोलू. पण मला विचाराल तर या यंत्राचा मोठा गुण म्हणजे त्याची आठवण.

दर अर्ध्या तासाला बातमीपत्र करणाऱ्या वाहिनीत चोवीस तासांत तेच ते शॉट किती वेळा लागतात बघा. निवेदिकेचा छातीपर्यंतचा शॉट, तिच्या खांद्याशेजारी पडदा दिसेल असा शॉट, दोघांचा एकत्र शॉट, सुरुवातीचा मोठा शॉट. माणूस हे शॉट उत्तम लावतो, पण सकाळच्या पाळीतल्याचा आणि रात्रीच्या पाळीतल्याचा शॉट तंतोतंत सारखा येत नाही. डोक्यावर थोडी जागा जास्त सुटते, पडद्याची कड कापली जाते. रोबोटिक डोक्यात प्रत्येक मोटारीबरोबर एन्कोडर असतो. डोकं किती वळलं, किती झुकलं, झूम आणि फोकस कुठे आहे, हे तो अंशाच्या बारीक भागापर्यंत मोजतो. एकदा शॉट लावून साठवला की नंतर बटण दाबताच कॅमेरा तिथेच जाऊन थांबतो. चर्नी रोडला बारा डब्यांची लोकल रोज त्या ठरलेल्या पाटीपाशीच उभी राहते, तसा. फोर्टातल्या ऑफिसला जाणारी मंडळी जशी डोळे मिटूनही आपल्या दारासमोर उभी राहतात, तशी मग ग्राफिक्सवालाही आपली पट्टी डोळे मिटून योग्य जागी ठेवू शकतो.

हे इतकं महत्त्वाचं का झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळच्या बातम्या आठवा : मध्ये टेबल, टेबलामागे निवेदक, आणि कॅमेरा जवळजवळ खिळलेला. सुरुवातीच्या त्या वर्षांत स्मिता पाटील तिथे बातम्या वाचत. त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, असा किस्सा आजही सांगितला जातो. तो पटतो, कारण टेबलाखालचं काही दिसणारच नव्हतं. आज निवेदिका उभी असते, चालते, वळते, मोठ्या पडद्यापुढे थांबते. तिच्या पायातली चप्पलसुद्धा दिसते. कॅमेऱ्याचं काम वाढलं, आणि त्याच वेळी प्रत्येक हालचाल दर बातमीपत्राला तशीच्या तशी करण्याची गरज आली. यंत्राला वाव मिळाला तो इथे.

आणि मग ते उगवणारे खांब. तुम्ही विचारलेल्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

निवडणूक निकालाच्या दिवशी, समजा विधानसभेच्या २८८ जागांचा हिशेब चालू आहे, स्टुडिओच्या मोकळ्या फरशीतून पक्षापक्षांचे रंगीत खांब वर येतात. निवेदिका त्यांच्या शेजारून चालते. प्रत्यक्षात तिथे फरशीशिवाय काही नसतं. तिला फक्त बाजूच्या मॉनिटरवर खांब दिसत असतात, आणि जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्यावरून पाय कुठे ठेवायचा ते कळत असतं. खांब संगणक काढतो, आणि कॅमेऱ्याच्या चित्रावर बसवतो. पण कॅमेरा डावीकडे वळला तर खांबही चित्रात तेवढाच उजवीकडे सरकला पाहिजे. झूम केलं तर तो तेवढाच मोठा झाला पाहिजे, कॅमेरा खाली आला तर त्याचा माथा दिसेनासा झाला पाहिजे. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं जातात. त्यातल्या प्रत्येक चित्राच्या वेळी कॅमेरा नेमका कुठे होता, कुठे बघत होता, झूम आणि फोकस किती होता, हे संगणकाला कळलं नाही, तर खांब फरशीवर उभा राहण्याऐवजी तरंगायला लागतो. तुम्हीही ते पाहिलं असेल. कॅमेरा थांबला तरी ग्राफिक क्षणभर पुढे घसरतं, आणि सगळा भास मोडतो.

रोबोटिक कॅमेरा ही माहिती जाता जाता देतो, कारण स्वतःच्या मोटारी कुठे आहेत ते त्याला माहीतच असतं. माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्यालाही ती देता येते, पण त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागते. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९९० च्या दशकात 'फ्री-डी' नावाची एक सुंदर युक्ती काढली. स्टुडिओच्या छतावर गोल वलयांच्या खुणा लावायच्या, प्रत्येक खुणेची वलयं वेगळी. स्टुडिओ कॅमेऱ्यावर आणखी एक छोटा कॅमेरा बसवायचा, आणि तो फक्त वर छताकडे बघत राहणार. कोणत्या खुणा कुठे दिसतात त्यावरून मोठा कॅमेरा कुठे आहे ते गणिताने निघतं. दर्यावर्दी तारे बघून आपली जागा काढत, त्याच जातीचं हे गणित. कॅमेऱ्याची जागा संगणकाला सांगण्याची त्या नावाची पद्धत जगभरची यंत्रं आजही वापरतात.

एक गंमत सांगतो. संगणकाला खांब रंगवायला वेळ लागतो, अगदी काही चित्रांएवढाच, पण लागतो. म्हणून कॅमेऱ्याचं चित्र मुद्दाम तेवढं मागे ठेवतात, आणि मग आवाजही तेवढाच मागे ठेवावा लागतो. तसं केलं नाही तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. तुम्ही 'थेट' म्हणून बघता ते या कारणानेही किंचित शिळं असतं.

आता पैशाचं. एका माणसाच्या हातात तीन-चार कॅमेरे दिले की पाळीमागे दोन-तीन माणसं कमी लागतात, आणि चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीत पाळ्या रोजच्याच. मालकाला यंत्र परवडतं ते त्यामुळे. अमेरिकेत एनबीसीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वृत्तस्टुडिओत रोबोटिक कॅमेरे आणले, तेव्हाही हिशेब हाच होता, आणि कॅमेरामन मंडळींची नाराजीही हीच होती. आपल्याकडे चोवीस तासांच्या मराठी बातम्या २००७ मध्ये आल्या, 'झी २४ तास' आणि त्यामागोमाग 'स्टार माझा', म्हणजे आजचा 'एबीपी माझा'. तोवर जगात हे यंत्र जुनं झालं होतं. पण आपल्याकडे माणसाचा पगार कमी आणि आयात यंत्राची किंमत जास्त, म्हणून बरीच वर्षं ट्रायपॉडमागे माणूसच स्वस्त पडला. पीटीझेड कॅमेऱ्यांचं चित्र सुधारलं आणि किंमत उतरली, तेव्हा हिशेब फिरला. मग कोरोना घेऊन २०२० चा मार्च आला. स्टुडिओत कमीत कमी माणसं हवीत, एकमेकांपासून लांब हवीत. ज्यांच्याकडे लांबून चालणारे कॅमेरे होते त्यांचं काम सोपं झालं.

भाचा लोअर परळला आहे म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या भागातले स्टुडिओ मुख्यतः बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात उभे आहेत. 'टाइम्स नाऊ' २००६ मध्ये सुरू झाली ती कमला मिलच्या कंपाउंडातून. यंत्र आलं की माणसाचं काय, ही चर्चा त्या आवारांना नवी नाही. फक्त १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाला आणि त्यानंतरच्या गिरणगावाच्या वाताहतीला यंत्र हे एकच कारण होतं, असं म्हणणं सोयीचं असलं तरी खरं नाही. तिथे जमिनीचा भाव नावाचं मोठं यंत्र चालू होतं. स्टुडिओतल्या कॅमेऱ्यांच्या बाबतीतही माझी तक्रार यंत्राबद्दल कमी आहे. वाचलेल्या पैशाचं काय केलं, याबद्दल जास्त आहे. तो पैसा बाहेर जास्त वार्ताहर आणि जास्त कॅमेरे पाठवण्यात गेला, तर प्रेक्षकाचा फायदा झाला. तो आणखी एका झगमगीत सेटमध्ये गेला, तर काहीच झालं नाही. दुसराच प्रकार मला जास्त दिसतो.

दोषही सांगायला हवेत. लंडनमध्ये बीबीसीच्या स्टुडिओत रोबोटिक कॅमेरे आहेत, आणि ते मधूनच वेड्यासारखे वागल्याच्या चित्रफिती जगभर हसून बघितल्या गेल्या. निवेदक बातमी वाचतोय, आणि कॅमेरा शांतपणे त्याला सोडून रिकाम्या भिंतीकडे निघालाय. कारण बहुधा साधं असतं : चुकीचा साठवलेला शॉट दाबला गेला, किंवा चाकं घसरून कॅमेऱ्याचा 'मी कुठे आहे' हा अंदाज चुकला. म्हणून चाकांवरच्या कॅमेऱ्यांना अधूनमधून जमिनीवरच्या ठराविक खुणेपाशी नेऊन त्यांची जागा पुन्हा पक्की करून घेतात. त्यांच्या पायाशी धक्का ओळखणारी पट्टी किंवा लेझर असतो, म्हणजे कोणी आडवं आलं तर ते जागीच थांबतात. भिंतीवर लाल बटणही असतं, सगळं एकदम थांबवायला. पण मागे माणूस उभा असता तर हा शॉट दोन सेकंदांत सावरला असता, हे मान्य करावंच लागतं.

यातून पुढची अडचण येते. यंत्रं एकेकटी राहत नाहीत. आता बातम्यांच्या रनडाऊनमध्येच, म्हणजे क्रमयादीतच, लिहिलेलं असतं, की ही बातमी आली की दोन नंबरच्या कॅमेऱ्याने अमुक शॉट घ्यावा, ग्राफिक अमुक यावं, माइक अमुक उघडावा. एक कळ दाबली की सगळं क्रमाने होतं. छान आहे. आणि बिघडलं की सगळं एकदम बिघडतं. २० जून २०१७ च्या रात्री बीबीसीच्या दहाच्या बातम्या सुरू व्हायच्या काही सेकंद आधी यंत्रणा कोलमडली. आपण थेट प्रक्षेपणात आहोत हे निवेदकाला कळलं नाही, आणि तो काही मिनिटं टेबलापाशी गप्प बसून राहिला. प्रेक्षक बघत राहिले. ती चूक कॅमेऱ्याची नव्हती, एवढी कामं एकाच दोरीत ओवल्याची होती.

आणखी एका गोष्टीबद्दल फारसं बोललं जात नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस निवेदकाचा पहिला प्रेक्षक असतो. विनोद जमला की तो हसतो, उच्चार चुकला की भुवई उडवतो, पदर सरकला तर खूण करतो. आता समोर काच, त्यात सरकणारी अक्षरं, वर हाच कॅमेरा चालू आहे असं सांगणारा टॅलीचा लाल दिवा. कानात पीसीआरचा आवाज असतो, पण समोर डोळे नसतात. नवख्या निवेदकांचं बोलणं मग पाठ म्हटल्यासारखं होतं किंवा उगाच चढ्या आवाजात जातं. मराठी वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याला हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण एक कारण असावं.

लांबून चालणाऱ्या कॅमेऱ्याला शोभणारी एक जागा मात्र बातम्यांच्या स्टुडिओबाहेरही आहे, ती म्हणजे संसद. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये टीव्ही आला २१ नोव्हेंबर १९८९ ला, तो दूरनियंत्रित कॅमेऱ्यांनिशीच. आपल्या लोकसभेतही तसेच कॅमेरे आहेत. सभागृहात कॅमेरामन हिंडले तर सदस्यांचं लक्ष विचलित होईल, म्हणून हे ठीकच. पण कॉमन्समध्ये सुरुवातीला असाही दंडक होता, की गोंधळ झाला तर कॅमेऱ्याने अध्यक्षांकडे बघावं. म्हणजे यंत्र कितीही तटस्थ दिसलं, तरी ते कुठे बघेल हे आधी कोणीतरी कागदावर लिहिलेलं असतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला ही जोड द्यायला हवी.

मग यंत्र कुठे कमी पडतं? जिथे पुढे काय होणार हे ठाऊक नसतं तिथे. तुमच्या फणसवाडीतून चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटांत चौपाटी येते. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं स्वागत तिथे झालं, आणि सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी ते इंग्लंडहून मागवलेल्या कॅमेऱ्याने टिपलं. भारतातला पहिला बातमीपट म्हणून त्याची नोंद होते. हाताने दांडी फिरवायची, फिल्म थोडी, आणि गर्दी आपल्याला हवी तशी उभी राहत नाही. कधी फिरवायला लागायचं आणि कधी थांबायचं, सगळा खेळ एवढाच. आज त्याच वाळूत अनंत चतुर्दशीला गिरगावच्या आणि लालबागच्या मूर्ती पाण्यात जातात, तेव्हा वाहिन्या मचाणांवर दूरनियंत्रित कॅमेरेही लावतात आणि ते वरून समुद्र, गर्दी, दिवे छान दाखवतात. पण निरोपाच्या वेळी रडणारा कार्यकर्ता सापडतो तो खांद्यावर कॅमेरा घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाच. स्टुडिओतल्या चर्चेचंही तसंच. सहा पाहुणे एकमेकांवर तुटून पडलेले असताना, गप्प बसून मान हलवणाऱ्या सातव्याचा चेहरा पकडायला माणसाचं कुतूहल लागतं. तिथे एकाच माणसाच्या हातात सहा कॅमेरे देणं ही माझ्या मते खोटी काटकसर आहे.

तेव्हा माझं मत विचाराल तर : ठरलेलं बातमीपत्र, हवामान, निकालाचे खांब यांसाठी रोबोटिक कॅमेरा माणसापेक्षा सरस आहे आणि तो यावाच. चर्चा, मुलाखत आणि रस्ता यांसाठी तो कमअस्सल आहे.

भाच्याला सांगा, घाबरून उपयोग नाही आणि गाफील राहूनही नाही. ट्रायपॉडमागे नुसतं उभं राहण्याची नोकरी जाईल. पण जॉयस्टिकवर बसणाराही फ्रेम कशाला म्हणतात हे जाणणाराच लागतो, आणि ते त्याला आधीच येतं. वाहिनीत कॅमेऱ्याचं ट्रॅकिंग आणि लेन्सचं कॅलिब्रेशन कोण करतं ते त्याने शोधून काढावं, आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच्या मागे लागून ते शिकून घ्यावं. हे नीट येणारी माणसं आज मुंबईत कमी आहेत, आणि खांब तरंगायला लागला की सगळा पीसीआर त्यांनाच हाका मारतो.